आडवे तुमचे, उभे माझे

वन्सं,

तुमचं दिवसकार्य उरकून मी गुरुवारी साताऱ्याहून माधवनगरला परत आले. घर झाडलं, दूधवाल्याला निरोप धाडला, कुंडीतल्या तुळशीला पाणी घातलं. शुक्रवार-शनिवार कसेतरी गेले. आज रविवार. सकाळी पेपर आला आणि पुरवणीच्या मागच्या पानावर कोडं होतंच. मला उगाच वाटलं होतं, की निदान या आठवड्यात तरी ते छापणार नाहीत. कोडं काढणाऱ्या माणसाला काय माहीत, साताऱ्यात कोण गेलं ते.

सवयीनं मी आडव्या शब्दांची यादी मागं दुमडली आणि उभे सोडवायला बसले. ते झाल्यावर मग लक्षात आलं, आता ही दुमड कशासाठी? आडवे सोडवणारं माणूसच राहिलं नाही. यादी उघडावी तर तुमच्या ताटातलं उचलून खाल्ल्यासारखं वाटत होतं. न उघडावी तर अर्धं कोडं कोरं राहणार. शेवटी पुरवणी तशीच टेबलावर ठेवली आणि तुम्हाला हे लिहायला बसले. नाहीतरी आपली फोनची वेळ झालीच होती.

आपली ही रीत बाहेरच्या माणसाला सांगितली की तो आधी हसायचा. नणंद साताऱ्यात, भावजय इकडं सांगलीजवळ माधवनगरला. दोघींच्या घरी तोच पेपर, तेच गूढ शब्दकोडं. आडवे शब्द नणंदेचे, उभे भावजयीचे. दुसरीची सूत्रं वाचायचीसुद्धा नाहीत, यादी दुमडून ठेवायची. चहा-नाष्टा आटोपला की फोन. एकीनं आपलं सूत्र वाचायचं, उत्तर सांगायचं आणि ते उत्तर तेच का, याचा उलगडा करायचा. दुसरीनं ऐकून घेऊन 'मान्य' किंवा 'अमान्य' म्हणायचं. मान्य झालं तरच दोघींनी आपापल्या चौकटीत भरायचं. उलगड्याशिवाय उत्तर तुम्ही कधी घेतलं नाहीत. ते बरोबर आहे हे तुम्हाला दिसत असायचं, तरीसुद्धा नाही.

सुरुवात झाली ती कडेगावला. माझं लग्न होऊन पहिलीच पंचमी होती आणि तुम्ही माहेरपणाला आला होतात. पेपर दुपारच्या एसटीनं यायचा. तो आधी मामंजींच्या हातात, मग तुमच्या भावाच्या, आणि सगळ्यांचं वाचून झालं की आपल्या दोघींच्या मध्ये. मला वाटायचं, शिकलेली सून म्हणून कोडं माझं. तुम्हाला वाटायचं, माहेरवाशीण म्हणून कोडं तुमचं. दोघींनी दोन टोकं धरली होती आणि पेपर फाटायच्या बेतात होता. सासूबाई भाकरी थापता थापता ओरडल्या, "आगं, वाटून घ्या की! आंब्याच्या कोयीवर भांडल्यागत काय भांडताय?"

"मग आडवं माजं," तुम्ही लगेच म्हणालात.

"तुमचं का?"

"मी थोरली हाय. थोरल्यानं आडवं व्हायचं, धाकट्यानं उभं ऱ्हायाचं."

त्या दिवशी तुमचं पहिलं सूत्र होतं, 'सारात सणाची सुरुवात झाली आणि मुलगी नांदायला गेली.' तीन अक्षरं. तुम्ही ते मला मुद्दाम मोठ्यानं वाचून दाखवलंत. मी नवी सून, पदर सावरत विचार करत बसले. काही सुचेना. "सार म्हंजी आपलं जेवणातलं सार," तुम्ही म्हणालात. "सणाची सुरुवात म्हंजी त्यातलं पयलं अक्षर, स. आता सारात स घाल." मी घातला. सासर. तुम्ही इतक्या जोरात टाळी दिलीत की हातातली बांगडी वाढवलीत. "सासरात बसून सासर सुचंना व्हय गं तुला!" सासूबाईंनाही हसू आवरेना. मला राग आला होता. पण त्या घरात आल्यापासून मला पहिल्यांदाच परकं वाटलं नाही ते त्या दुपारी.

साधं कोडं अर्थ विचारतं आणि मोकळं होतं. हे कोडं फसवतं. अर्धं सूत्र अर्थ सांगतं, अर्धं शब्द कसा जुळवायचा ते सांगतं, आणि दोन्ही कुठं जोडलंय ते दिसू देत नाही. तुमचा साताऱ्याला शिवणक्लास, त्यामुळे तुमचं शिकवणंही त्याच पद्धतीचं. "कोडं बी शिवल्यालंच असतंय. दोन कापडं जोडल्याली असत्यात. टीप कुटं घातलीय ती हुडक, वडली की सुटतंय." एकदा मी क्लासमध्ये तुमच्याशेजारी बसले असताना तुम्ही सूत्र वाचलंत, 'विड्याला मासे धरायचं साधन जोडलं आणि झाडं उघडी पडली.' चार अक्षरं. "इडा म्हंजी पान. मासं धरायला गळ. पानगळ. जोडलं म्हणतोय तितंच टीप हाय बघ." पोरी मशीन थांबवून ऐकत होत्या. तुम्ही त्यांच्यावर खेकसलात, "तुमी काय ऐकताय? काजं करा काजं!"

आणि कडक किती! माझं एक उभं होतं: 'सामान वरच्या खोलीत नेताना नीट बघा, आत माणूस आहे.' तीन अक्षरं. मी म्हटलं, "माणूस."

"सूत्रात माणूस, आन् उत्तर बी माणूस? आसं कोण इचारतंय?"

"मग मानव."

"उलगडा?"

"आवं वन्सं, माणूस म्हणजे मानव. शाळेतलं पोरसुद्धा सांगेल."

"निम्मं झालं. निम्मं कुटंय?"

मी वैतागून फोन ठेवला. कपडे वाळत घातले, भाजी निवडली, तोंडानं सारखं ते सूत्र पुटपुटत होते. आणि मग दिसलं. 'सामान' आणि 'वरच्या' हे दोन शब्द शेजारी शेजारी ठेवले की मध्ये मानव तयारच आहे. आत म्हणजे खरोखरच आत. धावत फोन केला. तुम्ही पहिल्याच रिंगला उचललात, म्हणजे तिथंच बसून होतात. सगळा उलगडा ऐकून घेतलात आणि म्हणालात, "मान्य. आता सामान खाली आन."

कोडं काढणारं माणूस बाप्या की बाई, हा आपला वाद तर शेवटपर्यंत मिटला नाही. त्याचं नाव छापत नाहीत. तुमचं म्हणणं, हा एकटा राहणारा बाप्या आहे आणि खानावळीत जेवतो, म्हणून सूत्रांत सारखं सार, रस, विडा आणि श्रीखंड येतं. माझं म्हणणं, ही बाई आहे, कारण बाप्याला सासरची इतकी आठवण येत नाही. "बाई असती तर उलगडा बी छापला असता," तुम्ही म्हणायचात. "ह्यो नुसतं उत्तर छापून मोकळा हुतोय. बाप्याच हाय." मला यावर उत्तर सापडलं नाही, पण मी हार मानलेली नाही.

दुसरीची यादी वाचायची नाही हा नियम आपल्याच कसा अंगलट आला ते आठवतंय का? एका रविवारी औंधला लग्न होतं, आपण दोघी तिथं, त्यामुळे कोडं राहिलं. पुढच्या रविवारी फोन झाला आणि काही केल्या अक्षरं जुळेनात. माझं एक उभं होतं, 'चेहऱ्यावरच्या अवयवाला मनगटातला दागिना घातला, आता गवतात उड्या मारतो.' नाक आणि तोडा, नाकतोडा. उलगडा लख्ख. पण तुमचा आडवा शब्द माझ्या तिसऱ्या घरात 'पो' मागत होता आणि तोही तुम्ही उलगड्यासकट पक्का करून बसला होतात.

"मग नाकपोडा घाल," तुम्ही म्हणालात.

"नाकपोडा म्हणजे काय?"

"नाकावर येतोय त्यो फोड. कडेगावाकडं पोडाच म्हंत्यात."

"वन्सं, मी कडेगावचीच सून आहे. कोणी म्हणत नाही."

"आजपास्नं म्हणायचं."

मग माझ्या एका शब्दासाठी तुम्हाला तुमचा शब्द मोडावा लागला. पारावर पान खात बसतात त्यांचा गट तो पानगट, असं तुम्ही मला पटवलंत आणि मी तो भरलासुद्धा. दोघी इतक्या हट्टाला पेटलो होतो, की निम्मी चौकट असल्या शब्दांनी भरली. तेवढ्यात मागून अण्णांचा आवाज आला. अण्णा म्हणजे तुमचे यजमान, फौजेतून सुभेदार होऊन घरी आलेले, चादरीची घडीसुद्धा कोपऱ्याला कोपरा लावून घालणारे. "आगं, ही पुरवणी गेल्या रविवारची हाय. आजची मी फडताळात आंथरली." डब्यांखाली स्वच्छ कागद हवा म्हणून त्यांनी ताजी पुरवणी फडताळाला घातली होती आणि तुमच्या हातात शिळी दिली होती. तुम्ही गेल्या आठवड्याचं कोडं सोडवत होतात आणि मी या आठवड्याचं. चौकट दर वेळी तीच, आकडे तेच. एकमेकींच्या यादीकडं बघितलं असतं तर एका मिनिटात कळलं असतं. तुम्ही अण्णांवर जे काही बरसलात ते मला नीट ऐकू आलं नाही, मी पोट धरून हसत होते.

मग तुमचा भाऊ गेला.

त्या आधीचं कोडं मी निम्मं सोडवून ठेवलं होतं, ते रद्दीत गेलं. दिवसकार्य झालं, तुम्ही साताऱ्याला परत गेलात आणि त्यानंतरच्या रविवारी फोन वाजला.

"पेपर आलाय?"

"आलाय."

"घे म्होरं."

"वन्सं, मला नको आहे ते."

"उभं तुजं हायत. ती मी काय करू?"

तुमचाही भाऊ गेला होता. हे त्या वेळी माझ्या मनातसुद्धा आलं नाही. मी पुरवणी पुढ्यात घेतली आणि वाचलं, 'उलटी वाहणारी नदी बिचारी.' दोन अक्षरं. शाळेतल्या मुलांना सुटलं असतं: नदी उलटी केली की दीन. पण माझी नजरच ठरत नव्हती. म्हटलं, "बाई."

तुम्ही उलगडा मागितला नाहीत. "मान्य," म्हणालात. "नदी बाईच की. आन् बिचारी बी बाईच. उलटी वाहू दे न्हाईतर सुलटी, कोण इचारतंय तिला?" मग नदीवरून येरळेवर आलात. लहानपणी तुम्ही दोघं भावंडं येरळेत मासे धरायला गेलात, त्याची नवी चप्पल वाहून गेली, आणि घरी मार नको म्हणून त्यानं दुसरीही पाण्यात सोडून दिली, म्हणजे मुळात चप्पल नेलीच नव्हती असं सांगता येईल. हे मला त्यानं कधी सांगितलं नव्हतं. फोन ठेवला तेव्हा माझा चहा गार झाला होता. कितीतरी दिवसांनी मी कुणाचं तरी बोलणं शेवटपर्यंत ऐकलं होतं.

पुढचे बरेच रविवार असेच गेले. मी तोंडाला येईल ते सांगायचे, तुम्ही मान्य करायचात आणि उलगडा स्वतःच रचायचात. माणसाला 'मानव' म्हटलं तरी निम्मंच झालं म्हणणाऱ्या तुम्ही, मला 'बादली'सुद्धा मान्य केलीत. आणि मग एका रविवारी मी 'पातेलं' म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, "अमान्य. उलगडा सांग." मी फोन हातात धरून रडले, वन्सं. इतकं बरं वाटलं. तुम्ही ओळखलं होतं, की आता हिला 'नाही' म्हटलेलं चालेल.

याबद्दल मी तुम्हाला कधी काही बोलले नाही. बोलले असते तर "गप बस" म्हणाला असतात. आता गप बसवायला तुम्ही नाही, म्हणून म्हणते. त्या दिवसांत तुम्ही मला सांभाळलंत. जेवलीस का, झोपलीस का, विचारणारी माणसं पुष्कळ होती. माझ्याकडून उभे शब्द मागणाऱ्या तुम्ही एकट्याच होतात.

दिवाळीनंतर तुम्हाला अर्धांगाचा झटका आला. हात बरा झाला, बोलणंही परत आलं, पण शब्द तुमच्या जिभेपर्यंत येऊन मागं फिरायचे. तरी रविवारचा फोन तुम्ही सोडला नाहीत. सूत्र वाचायला तुम्हाला वेळ लागायचा. उत्तरं चुकायला लागली. सुरुवातीला मी थांबायचे, परत वाचायला सांगायचे. पलीकडं तुमचा श्वास ऐकू यायचा आणि ती शांतता मला सोसायची नाही.

त्या रविवारी तुम्ही वाचलंत, 'वा म्हणून रस प्याला, इस्टेट त्यालाच मिळाली.' तीन अक्षरं. वा आणि रस, वारस. कधी काळी असलं सूत्र तुम्ही चुलीवर दूध ठेवलेलं असताना सोडवलं असतं. बराच वेळ गेला. मग म्हणालात, "पाहुणा. रस पितोय, वा म्हंतोय, त्यो पाहुणाच की."

माझ्या उभ्या शब्दामुळं मधल्या घरात 'र' पक्का होता. मी खोडरबर घेतलं, र खोडला, हु लिहिला आणि म्हटलं, "मान्य. गोळ्या घेतल्या का तुम्ही?"

"उलगडा न्हाई मागितलास," म्हणालात.

"कळला की मला."

"काय कळला? सांग बघू."

मी चौकटीवरची खोडरबराची भुकटी फुंकली.

"मदलं अक्षर काय हुतं तुजं? खोडलंस न्हवं?"

"वन्सं, जाऊ द्या ना. एका शब्दाचं काय मोठंसं."

"आगं, तू न्हाई म्हणालीस तर मी आठवडाभर त्यावर बसंन. डोस्क्याला काम ऱ्हाईल. व्हय म्हणून मला मोकळी करतीस व्हय गं?"

"तुम्ही थकलाय, म्हणून म्हटलं."

"थकलीया. मेली न्हाई अजून."

आणि फोन ठेवलात. तो आपला शेवटचा फोन.

मीही चिडलेच होते. भांडी घासताना, बाजारात जाताना मनातल्या मनात तुमच्याशी भांडत होते. तुम्ही मला मान्य, मान्य म्हणत होतात ती माया, आणि मी म्हटलं की ती कीव? हा कुठला न्याय? रविवारी हेच तोंडावर म्हणायचं, आणि तुम्ही फोन ठेवलात तर परत लावून म्हणायचं, असं ठरवून टाकलं होतं. शनिवारी अण्णांचा फोन आला, तुम्हाला दवाखान्यात नेल्याचा.

मी पोचले तेव्हा तुमच्या नाकाला नळी होती आणि डोळे मिटलेले. तुमची सून म्हणाली, "मामी, बोला तुम्ही, त्यांना ऐकू येतं." काय बोलणार? भांडायची तयारी करून बसलेली बाई मी. तुमचा हात हातात घेतला. सुईनं खरखरीत झालेली ती बोटं. एवढंच तोंडातून आलं, "पाणी हवंय का वन्सं?" सूनबाईनं माझ्याकडं बघितलं. पाणी द्यायचंच नव्हतं तुम्हाला.

वारस, वन्सं. वारस होतं ते. एवढं तरी कानात सांगायला हवं होतं.

इथवर लिहिताना आत्ता एक गोष्ट डोक्यात येतेय. तुम्ही मला मान्य म्हणायचात, पण मग फोन ठेवायचा नाहीत. चप्पल वाहून गेल्याचं सांगायचात, शेजारणीची नक्कल करायचात, माझा चहा गार होईपर्यंत बोलत राहायचात. मी मान्य म्हटलं आणि पुढच्याच श्वासात गोळ्यांवर आले. तुम्हाला तेच लागलं असेल का? की मी आपली तुमच्या बाजूनं पुरावे गोळा करतेय? तुम्ही असतात तर म्हणाला असतात, निम्मं झालं.

एवढं लिहिलं आणि फोन वाजला. त्यावर तुमचं नाव. अण्णा होते.

"शैला, जेवलीस का?"

"अजून नाही. तुम्ही?"

"व्हय. इकडचा रिपोर्ट समदा ठीक हाय."

अण्णांना फोनवर बोलायची सवय कुठंय? घसा खाकरला आणि म्हणाले, "ते आडवं म्हंजी ह्यातलं कुटलं गं?"

"डावीकडची यादी, अण्णा."

"पयलंच वाचतो. 'उशीला रजईची सुरुवात जोडली, मग दुसरं काय होणार?' म्होरं तीन आकडा हाय."

माझी यादी अजून दुमडलेलीच होती. ऐकता ऐकताच मला दिसलं. उशी, आणि रजईचं पहिलं अक्षर र. उशीर. माझ्या उभ्या शब्दातलं 'शी' मधल्या घरात सकाळपासून बसलेलं होतं.

"आराम," अण्णा म्हणाले. "उशी घेतली, रजई घेतली, म्हंजी आराम. तीन अक्षरं. मान्य हाय न्हवं?"

खोडरबर हाताशी होतं. खरं सांगते वन्सं, मी ते उचललं. बायको जाऊन महिना झालेला नाही आणि माणूस तिच्या खुर्चीत बसून तिचं कोडं वाचतोय. त्याला कुठल्या तोंडानं नाही म्हणायचं? मान्य अगदी जिभेवर आलं होतं. पण मान्य म्हटलं असतं, तर ते "बरं, ठिवतो" म्हणाले असते. आणि मग त्या घरात त्यांच्याजवळ नुसती दुपार उरली असती.

"नाही बसत, अण्णा," मी म्हटलं. "मधलं अक्षर शी आहे."

"न्हाई बसत?" एकदम सुभेदाराचा आवाज. "तुजं शी चुकलं असंल."

"माझं बरोबर आहे. हवा तर उलगडा सांगते."

"नगं. उत्तर बी सांगू नगंस. मी बघतो."

आता हे पुढचं मंगळवारी लिहितेय. रविवारी संध्याकाळी परत फोन आला, "खुशीत?" शी बरोबर मध्ये होतं. मी उलगडा मागितला. रजईत शिरल्यावर मानूस खुशीत असतो, म्हणाले. अमान्य. सोमवारी 'काशीत'. अंथरूण-पांघरूण बांधून म्हाताऱ्यानं दुसरं कुठं जायचं, हा त्यांचा उलगडा. तोही अमान्य केला. त्यावर आमचं बरंच भांडण झालं. त्यात मग फौजेतला रेल्वेचा प्रवास निघाला आणि तुम्ही पहिल्यांदा त्यांना स्टेशनवर पोचवायला गेला होतात तेव्हाची गोष्ट निघाली. ती काही मी तुम्हाला सांगत नाही, तुम्हाला माहीतच आहे.

आज सकाळी माझा चहासुद्धा झाला नव्हता.

"शैला, ही उशी म्हंजी उशीच हाय. त्यात दुसरं काय बी दडल्यालं न्हाई. व्हय का न्हाई?"

"व्हय, अण्णा."

"मग एकच अक्षर ऱ्हायलं."

"एकच."

"सांगू नगंस."

सांगत नाही, वन्सं.